न्हाणीतील शॉवरची बारीक धार : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या घरी न्हाणीत शॉवर बसवून दोन वर्षे झाली. तो पहिल्या दिवसापासून धड चालला नाही आणि गेल्या पावसाळ्यापासून तर मधल्या चार-पाच छिद्रांतूनच पाणी गळते. बादली आणि गुंड (पाण्याचे भांडे) यांची सवय असलेल्या घरात याची कोणाला फारशी खंत नव्हती. दिवाळीत आईचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले असले तरी भरलेला तांब्या उचलून डोक्यावर पाणी घेणे तिला अजून जमत नाही, आणि रोज कोणाच्या तरी हाताने आंघोळ करणे तिला मान्य नाही. म्हणून हे काम हाती घेतले. माझी नोकरी वर्ध्याला असल्यामुळे काम रविवारीच होणार आणि नोंदीही बहुधा त्याच दिवसाच्या असणार.

तालुक्याहून आलेल्या नळमिस्त्रींनी मागच्या आठवड्यात तोटी उघडली, धार तळहातावर घेतली आणि दोन मिनिटांत सांगितले, “प्रेशरच नाही भाऊ, पंप लावून घ्या.” त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. दाब कमी असणे आणि असलेला दाब वाटेत खर्ची पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाइप आतून बुजलेला असेल तर पंप त्या बुजलेल्या पाइपावरच जोर लावत बसेल. शिवाय आमच्याकडे ज्या वेळी वीज नसते, त्या वेळी आईने आंघोळ करायची नाही असे ठरवता येत नाही. म्हणून आधी मोजमाप आणि मग खरेदी, असे दादाशी बोलून ठरवले.

न्हाणीची फरशी शून्य धरून आज टेपने उंची घेतली. खालची तोटी अडीच फुटांवर आणि शॉवर पावणेसात फुटांवर आहे. पाचशे लिटरच्या टाकीचा तळ अकरा फुटांवर आहे, कारण ती स्लॅबवर विटांचे दोन थर रचून ठेवली आहे. टाकीत तळापासून अडीच फुटांवर आतून खूण केली. पुढची सर्व मापे पाणी या खुणेला असतानाच घ्यायची, म्हणजे पाण्याची पातळी साडेतेरा फुटांवर. नाहीतर एका दिवशी भरलेल्या टाकीचे माप आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या टाकीचे माप शेजारी ठेवून आपण आपलीच फसवणूक करतो.

या हिशोबाने शॉवरच्या वाट्याला पावणेसात फुटांचा पाण्याचा स्तंभ येतो. दहा मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो. तेव्हा आमच्याकडे सुमारे ०.२ किलो भरतो. मिस्त्रींचे म्हणणे येथपर्यंत बरोबरच ठरते. दुकानात मिळणारे रुंद तबकडीचे शॉवर याच्या कितीतरी पट दाब गृहीत धरून केलेले असतात.

१९ जानेवारी

दहा लिटरची रंगाची रिकामी बादली लिटरच्या मापाने भरून तिच्यावर रेघ ओढली आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ घेतली. प्रत्येक माप तीनदा घेऊन मधले धरले. थंड पाण्याच्या खालच्या तोटीला बादली भरायला १ मिनिट ४९ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला साडेपाच लिटर. शॉवरला ४ मिनिटे २१ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला जेमतेम २.३ लिटर. शॉवरची तबकडी काढून नुसत्या दांड्यातून पाणी घेतले तेव्हा ३ मिनिटे ३४ सेकंद, म्हणजे २.८ लिटर.

या तीन आकड्यांनी बरेच सांगितले. तबकडी काढूनही धार फारशी सुधारत नाही, याचा अर्थ तबकडी दोषी असली तरी एकटी दोषी नाही. दुसरे असे की पाइप तोच असेल तर प्रवाह साधारणपणे उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. तोटीला अकरा फुटांचा स्तंभ मिळतो आणि शॉवरला पावणेसात फुटांचा. त्यामुळे तोटीतून साडेपाच लिटर येत असतील तर तबकडीविना दांड्यातून सव्वाचार लिटरच्या आसपास यायला हवे होते. येतात २.८. उरलेले दीड लिटर मिक्सर (गरम आणि थंड पाणी मिसळणारा नळ) आणि दांडा यांच्या दरम्यान कोठेतरी अडते आहे. आणि मुळात ज्या तोटीला अकरा फुटांचा स्तंभ आहे तिच्यातून साडेपाचच लिटर यावेत हेही संशयास्पद आहे.

काकाजी ओट्यावर बसून हे सर्व पाहत होते. त्यांचे मत असे पडले की टाकी हजार लिटरची आणावी, म्हणजे वजन वाढून पाणी जोरात येईल. नाहीतर शेवटचा पाइप बारीक करावा, जसे आपण बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो. दोन्ही समजुती गावोगाव आहेत, म्हणून येथे नोंदवून ठेवतो. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, साठ्यावर नाही. हजार लिटरची टाकी तेवढ्याच पातळीपर्यंत भरली तर दाब तेवढाच राहतो. अंगठ्याने धार लांब जाते ती प्रवाह घटल्यामुळे: नळीतून कमी पाणी वाहू लागले की नळीतील घर्षणात कमी दाब खर्ची पडतो आणि वाचलेला दाब तोंडाशी वेग बनून दिसतो. बादली मात्र आधीपेक्षा उशिरा भरते. काकाजींना बादली लावून दाखवली. त्यांनी मान डोलावली, पण हजार लिटरच्या टाकीचा आग्रह सोडला नाही.

२६ जानेवारी

आज फक्त तबकडी. ती उलटी करून पाहिली तेव्हा छिद्रांभोवती पांढऱ्या क्षाराचे कडे जमलेले होते आणि आतल्या बाजूला, पाणी शिरते तेथे, मधोमध बारीक भोक असलेली प्लास्टिकची चकती बसवलेली होती. ही चकती पाण्याची बचत करण्यासाठी कारखान्यातूनच येते आणि शहरात जेथे नळाला भरपूर दाब असतो तेथे ती योग्यही आहे, ०.२ किलोच्या दाबावर मात्र ती नुसता अडथळा ठरते. चकती काढून टाकली.

क्षारासाठी वहिनींनी लिंबूसत्व दिले. कोमट पाण्यात ते विरघळवून तबकडी चार तास बुडवून ठेवली, तेव्हा बारीक बुडबुडे येत राहिले आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने छिद्रे मोकळी झाली. व्हिनेगरनेही हेच होते. शौचालय धुण्याचे तीव्र ॲसिड वापरायचा पुतण्याचा विचार होता. त्याने क्षार लवकर गेला असता, पण क्रोमचा मुलामाही गेला असता, म्हणून त्याला थांबवले.

हा क्षार येतो कोठून, ते घरात सर्वांना ठाऊक आहे. आमच्या बोअरच्या पाण्याने तुरीची डाळ लवकर शिजत नाही, म्हणून स्वयंपाकाला अजूनही विहिरीचे पाणी आणतात, आणि साबणाला फेस येत नाही ही तक्रार तर रोजचीच. हा सारा काळ्या बेसॉल्ट खडकाचा मुलूख आहे. त्यात मुरलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे घेऊन वर येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम दिलेली आहे. ग्रामपंचायतीच्या तपासणी पेटीतून पाहिले तर आमचे पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी येते. छिद्रांत थांबलेला थेंब सुकला की क्षार मागे राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आणखी एक पापुद्रा चढतो.

तबकडी परत बसवून माप घेतले: ३ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे २.६ लिटर. आता सर्व छिद्रांतून पाणी येते, दिसायला फार बरे वाटते, प्रत्यक्षात वाढ मात्र तीन दशांश लिटरची आहे.

२ फेब्रुवारी

आज टाकीपासून सुरुवात केली. टाकीच्या एक इंची निपलनंतर (टाकीतून निघणारा आखूड तुकडा) पितळी गेट व्हॉल्व्ह, मग युनियन, म्हणजे सोडवता येणारा जोड, आणि तेथून अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप अशी जोडणी आहे. युनियन सोडवून व्हॉल्व्हमधून पाणी बादलीत घेतले तर दहा लिटरला पूर्ण १०० सेकंद लागले. व्हॉल्व्हचे चाक पूर्ण उघडलेले होते. ते दोन्ही दिशांना कितीही फिरवले तरी धारेत काडीचाही फरक पडत नव्हता. व्हॉल्व्ह काढून टाकी रिकामी करताना निपलमधूनच पाणी किती येते तेही पाहिले: बादली बारा सेकंदांत भरली.

व्हॉल्व्ह फोडून पाहिला. आतले पाते दांडीपासून सुटून खाली बसले होते, आणि दांडी एकटीच वर-खाली होत होती. गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे न हलवता ठेवला की पाते क्षाराने जागीच धरते. मग कोणीतरी एके दिवशी जोर लावून चाक फिरवतो आणि दांडी व पाते यांचा जोड तुटतो. बाहेरून चाक फिरत असल्यामुळे व्हॉल्व्ह चालू आहे असेच वाटते. दादाला आठवले की दोन वर्षांपूर्वी शॉवर बसवताना हे चाक पान्याने उघडावे लागले होते. त्या जागी एक इंची बॉल व्हॉल्व्ह बसवला. त्याची मूठ पाइपाच्या रेषेत असली की उघडा आणि आडवी असली की बंद, हे लांबूनही दिसते. टाकीच्या तळाशी दोन बोटे गाळ होता, त्यात तुरीचे कुटारही (भुसा) निघाले. तेही धुऊन काढले, आणि झाकणाला दोरी बांधली.

घरात सर्वांना वाटले की दोष सापडला. मलाही वाटले, हे लपवत नाही. बारा सेकंद आणि शंभर सेकंद यांतला फरक एवढा मोठा होता. संध्याकाळी टाकी खुणेपर्यंत भरून मापे घेतली, तेव्हा खालची तोटी १ मिनिट ३८ सेकंदांवर आली आणि शॉवर ३ मिनिटे ४२ सेकंदांवर. म्हणजे शॉवरमध्ये मिनिटाला शंभर मिलिलिटरची भर.

रात्री परतताना बसमध्ये हिशोब मांडला, तेव्हा उलगडा झाला. तो व्हॉल्व्ह अडीच फुटांच्या स्तंभावर मिनिटाला सहा लिटर सोडत होता. तोटीकडे मात्र अकरा फुटांच्या स्तंभावर साडेपाचच लिटर पोचत होते. अडथळ्यात खर्च होणारी उंची प्रवाहाच्या वर्गाने वाढते. त्या हिशोबाने साडेपाच लिटरच्या प्रवाहाला व्हॉल्व्हमध्ये दोन फुटांच्या आसपास उंची खर्च होत होती आणि बाकीचे नऊ फूट पुढच्या पाइपात. मोडलेला भाग हाताला लागला म्हणजे मोठा चोर सापडला असे नव्हे.

९ फेब्रुवारी

मिक्सर उघडला. वरच्या भागातील डायव्हर्टर, म्हणजे पाणी तोटीकडे की शॉवरकडे हे ठरवणारा भाग, क्षाराने इतका आखडला होता की शॉवरकडचे दार अर्धेच उघडत असे. त्याला लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवले, रबरी वॉशर नवीन घातले. शॉवरच्या दांड्याच्या वाकात टेफ्लॉन टेपचा गोळा अडकलेला मिळाला. बसवणाऱ्याने आट्यांच्या पुढे टेप गुंडाळली की तिचे शेपूट पाण्यात लोंबते आणि एक दिवस तुटून पुढे जाऊन बसते. शॉवर २ मिनिटे ५७ सेकंदांवर आला, ३.४ लिटर.

१६ फेब्रुवारी

आता पाइप. न्हाणी २००४ साली बांधली तेव्हा टाकी गोठ्याच्या बाजूला होती. नंतर टाकी न्हाणीवर आली, पण पाइप जुनाच राहिला: टाकीतून निघून स्वयंपाकघराच्या भिंतीला वळसा घालून न्हाणीत परत येतो. एकूण लांबी चाळीस फुटांच्या आसपास आणि वाटेत नऊ एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. सरळ रेषेत टाकी न्हाणीच्या अगदी डोक्यावर आहे.

स्वयंपाकघराबाहेर जेथे पाइप भिंतीबाहेर आहे तेथील एक हात तुकडा करवतीने कापला. कापलेल्या तोंडाकडे पाहून दादाने नुसते “अरे” म्हटले. अर्ध्या इंची जीआय पाइपाची आतली पोकळी नवीन असताना सुमारे १६ मिलिमीटर असते. येथे गंजाच्या गाठी आणि क्षार मिळून मधोमध एक वाकडेतिकडे भोक उरले होते, ज्यात पुतण्याची पेन्सिल जेमतेम शिरली आणि दोन इंचांवर अडली. जस्ताचा थर संपला की लोखंड गंजते, गंजाच्या गाठी वाढतात आणि त्यांच्या खडबडीत अंगावर क्षार आणखी सहज बसतो. एवढी वर्षे हेच चालले होते.

घर्षणाच्या बाबतीत व्यासाचे महत्त्व आपण समजतो त्याहून फार जास्त असते. तेवढ्याच दाबावर आणि तेवढ्याच लांबीत प्रवाह व्यासाच्या साधारण अडीचाव्या घाताने बदलतो. व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्मा होत नाही, साडेपाच-पावणेसहापट घटतो. उलट अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच घेतला तर प्रवाह पावणेतीनपट वाढण्याची सोय होते. म्हणून नवा पाइप पाऊण इंची सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) घ्यायचा, आणि मिक्सरच्या तोंडाशीच पितळी आट्यांच्या जोडाने अर्ध्या इंचावर यायचे, असे ठरवले. आज जुन्या पाइपाला कापलेल्या जागी तात्पुरता नळीचा जोड देऊन पाणी सुरू ठेवले.

२३ फेब्रुवारी

मिस्त्रींना पुन्हा बोलावले. पंपाचा विषय त्यांनी काढला नाही, मी पुढे केलेला कापलेला तुकडा त्यांनी बराच वेळ हातात फिरवला आणि म्हणाले, “हा मी ठेवून घेऊ का? लोकांना दाखवायला कामी येईल.” दिला.

नवा पाइप स्लॅबवरून सरळ न्हाणीच्या भिंतीवर उतरवला. लांबी चौदा फूट, एल्बो चार. भिंत न फोडता तो बाहेरूनच क्लॅम्पने घेतला, कारण पुढे दुरुस्ती झाली तर ती दिसायला हवी. उन्हातला भाग पांढऱ्या रंगाने रंगवायचा आहे; सूर्यप्रकाशाने प्लास्टिक ठिसूळ होते, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा दुपारी तोटीतून येणारे पाणी हातावर घेववत नाही. जोडांचे सोल्यूशन वाळू द्यायचे म्हणून पाणी दुसऱ्या दिवशी सोडायला सांगून मी निघालो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुटी असल्यामुळे आलो, आणि बरे झाले. सोमवारी पुतण्याने मापे घेऊन कळवली होती: टाकी खुणेला असताना शॉवर २ मिनिटे १७ सेकंद, ४.४ लिटर. काल गावातली डीपी (विजेचे रोहित्र) जळाली, बोअर बंद पडला, टाकी कोरडी झाली. रात्री वीज आल्यावर टाकी भरली, पण आज सकाळी शॉवरमधून आधी फुसफुस हवा, मग दोन-चार पिचकाऱ्या आणि मग अगदी बारीक धार. घरात सगळ्यांचे तोंड उतरले होते.

कारण छतावर गेल्याबरोबर दिसले. पाइप स्लॅबच्या कडेच्या बीमवरून घेताना तेथे चार इंचांचा उंचवटा झाला होता. टाकी रिकामी होताना पाइपात शिरलेली हवा त्या उंचवट्यात अडकून बसली होती, आणि एवढ्या थोड्या दाबाला ती पुढे ढकलणे जमत नव्हते. जोरदार दाबाच्या नळाला असला उंचवटा कळतही नाही. बॉल व्हॉल्व्हच्या लगेच पुढे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्ध्या इंची एअर पाइप उभा केला, त्याचे वरचे तोंड टाकीच्या झाकणाच्या एक फूट वर नेऊन खाली वळवले आणि त्याला जाळी बांधली, म्हणजे त्यात कीटक किंवा कुटार जाणार नाही. उंचवट्याच्या जागी बीमची कड छिन्नीने खाली घेऊन पाइपाला टाकीपासून न्हाणीपर्यंत सलग उतार दिला. मग मुद्दाम टाकी रिकामी करून पुन्हा भरली. या वेळी पाणी अर्ध्या मिनिटात सुरळीत झाले.

९ मार्च

टाकी चार फूट उचलली. स्लॅबच्या मधोमध पाचशे किलो पाणी आणखी उंचावर नेऊन ठेवणे मला पटत नव्हते, म्हणून ज्या कोपऱ्यात दोन भिंती एकत्र येतात त्याच्यावर विटांचे बांधकाम आठवडाभर आधीच करून घेतले होते. प्लास्टिकच्या टाकीचा तळ पूर्ण टेकलेला असावा लागतो. दोन कडांवर ठेवलेली टाकी हळूहळू मधे पोक काढते आणि एक दिवस चिरते. म्हणून वर अखंड शहाबादी फरशी घातली. चैत्र-वैशाखात वादळ सुटले की रिकाम्या टाक्या शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात, तेव्हा तारेने बांधूनही टाकली.

पातळी आता साडेसतरा फूट, शॉवरच्या वाट्याला पावणेअकरा फूट. वर्गमुळाच्या हिशोबाने सव्वीस टक्के वाढ अपेक्षित होती: ४.४ चे साडेपाच. बादली १ मिनिट ४९ सेकंदांत भरली, नेमके साडेपाच. जानेवारीत खालच्या तोटीला लागलेला वेळ तो हाच होता, हे वहीची मागची पाने उलटताना लक्षात आले.

गरम बाजू अजून क्षीण आहे. गीझरच्या पाणी आत जाण्याच्या तोंडावर जो सुरक्षा व्हॉल्व्ह असतो त्याची जाळी गाळाने भरली होती. ती धुतली, काम झाले. हा व्हॉल्व्हच काढून टाकला तर धार आणखी सुधारेल असे मिस्त्रींनी सुचवले. ते मान्य केले नाही. तापलेल्या टाकीतला जास्तीचा दाब बाहेर जाण्याची वाट तीच आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

जुन्या तबकडीच्या जागी चार इंची साधी, कमी छिद्रांची आणि रबरी तोंडे असलेली तबकडी लावली. आठ इंची तबकडीची जाहिरात पाहून ती घ्यावी असे वहिनींना वाटत होते. पण सहा लिटर पाणी शंभराहून जास्त छिद्रांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ठिबकच येते. रबरी तोंडावर क्षार धरला तरी अंगठा फिरवला की निघतो. शेवटचे माप: टाकी खुणेला, १ मिनिट ३८ सेकंद, मिनिटाला ६.१ लिटर. खालची तोटी ३८ सेकंदांत बादली भरते.

आई पाडव्याची आंघोळ शॉवरखाली आपली आपण करून आली. पाणी जरा जास्तच गार होते, एवढीच तिची तक्रार आहे. मिक्सरची कोणती बाजू गरम हे तिला तांबड्या रंगाच्या ठिपक्याने दाखवून दिले.

राहिलेली कामे : उन्हातल्या पाइपाला रंग द्यायचा आहे. भिंतीत राहिलेला जुना जीआय पाइप काढलेला नाही, त्याच्या दोन्ही टोकांना प्लग बसवले आहेत. बॉल व्हॉल्व्ह दर महिन्याला एकदा बंद करून उघडायचा, ते काम पुतण्याने घेतले आहे.